ज्वारीच्या माहेरी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषण करता येत नाही, हे मी चिटणीसबाईंना तीन वेळा सांगून पाहिले. त्या म्हणाल्या, "भाषण नकोच. तुम्ही आफ्रिकेत जाऊन सिंह पाहून आलात, तेवढे सांगा. आणि उन्हाळा तोंडावर आला आहे, तेव्हा जाता जाता दोन-चार थंड पदार्थही सांगा." आता सिंह आणि सरबत यांची सांगड कशी घालावी, या विचारात माझे आठ दिवस गेले. पण शांतपणे आठवू लागले तेव्हा ध्यानात आले, की ही सांगड मला तिकडेच घातलेली सापडली होती. तेव्हा जसे घडले तसे सांगते. चुकले तर घरचीच म्हणून सांभाळून घ्या.

माझा मुलगा नोकरीनिमित्त केनियात, नैरोबीला असतो. ह्यांना जाऊन दोन वर्षे झाली होती. मुलगा आणि सूनबाई सारखी म्हणत, "आई, एकदा तरी ये." मी म्हणायची, "अरे, औशाहून लातूरला जायचे तर मला दोन दिवस आधीपासून झोप लागत नाही." अखेर 2023 सालच्या ऑगस्टमध्ये मी गेले. तिकडे जायच्या आधी पीतज्वराची लस टोचून घ्यावी लागते व तिचे पिवळे पुस्तक जवळ बाळगावे लागते. ते सर्व सोपस्कार झाले. सोबत मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि जवसाची चटणी बांधून घेतली. आफ्रिका म्हणजे ऊन, अशी माझी समजूत, म्हणून सुती पातळे तेवढी घेतली. उतरले तो तिथे थंडी! नैरोबी विषुववृत्ताजवळ असले तरी समुद्रसपाटीपासून सुमारे 1,700 मीटर उंच आहे, आणि जुलै-ऑगस्ट हे त्यांचे थंडीचे महिने. पहिले चार दिवस मी सूनबाईचा स्वेटर घालून काढले.

तिकडची भाषा स्वाहिली. तिच्यातले काही शब्द ऐकून मी चकितच झाले. 'सफारी' हा शब्द आपण जनावरे पाहण्याच्या सहलीला लावतो, पण त्याचा साधा अर्थ प्रवास. अरबी 'सफर'वरून तो आला, आणि सफर तर आपल्याही तोंडी आहेच. गाडीला ते 'गारी' म्हणतात, चहाला 'चाय', चपातीला 'चपाती', आणि कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीला 'कचुंबारी'. 1896 ते 1901 या काळात मोंबासापासून आत रेल्वे बांधण्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे 32 हजार मजूर नेले होते. त्या कामावर 1898 साली साव्हो नदीपाशी दोन सिंहांनी माणसे ओढून नेण्याचा सपाटा लावला आणि काही काळ काम बंद पडले होते. किती जण मेले, किती जण परत आले, कित्येक तिथेच राहिले. त्यांच्या पाठोपाठ व्यापारी गेले. अशी आपली चपाती तिकडे रुजली.

पण गंमत पुढेच आहे. स्वाहिलीत 'काका' म्हणजे भाऊ, 'दादा' म्हणजे बहीण, आणि 'मामा' म्हणजे आई! मुलाच्या घरी कामाला येणाऱ्या बाईला माझा मुलगा 'दादा' म्हणून हाक मारी, आणि ती मला 'मामा' म्हणे. पहिल्या दिवशी मी इकडेतिकडे पाहिले, की हिचा मामा आला तरी कुठे!

आता जनावरांचे सांगते. आम्ही प्रथम मसाई मारा येथे गेलो. हे अभयारण्य 1961 साली स्थापन झाले; विस्तार सुमारे 1,510 चौरस किलोमीटर. नैरोबीहून मोटारीने पाच-सहा तास लागतात. आपल्या मनात जंगल म्हटले की दाट झाडी येते. तिथे तसे काही नाही. दूर क्षितिजापर्यंत पिवळे गवत आणि मधूनच छत्रीसारखे एखादे बाभळीच्या जातीचे झाड. सुगी झाल्यावर आपल्याकडचे माळ दिसतात ना, तसेच. मला तर वाटले, आता वळणावर खरोसा लागेल!

गाडीचे छप्पर वर उचलता येते. उभे राहून पाहायचे. मात्र खाली उतरायचे नाही, ओरडायचे नाही. पहिल्याच सकाळी सिंहांचे कुटुंब पाहिले. चार सिंहिणी, सात-आठ छावे, आणि बाजूला झुडपाखाली एक आयाळवाले यजमान झोपलेले. वाटाड्याने सांगितले, की बहुतेक शिकार सिंहिणीच करतात, आणि शिकार झाली की पंगतीला आधी बसतो तो सिंह. सूनबाईने माझ्याकडे पाहिले, मी तिच्याकडे पाहिले. मुलगा दुर्बीण डोळ्याला लावून दुसरीकडेच पाहत राहिला! पण एक गोष्ट मला फार आवडली. या सिंहिणी बहुधा एकमेकींच्या मायलेकी, बहिणी, मावश्या असतात. एकीचे पिलू दुसरीला लुचले तरी ती हाकलून देत नाही. एकत्र कुटुंबाचा हा गुण जनावरांत टिकला आहे.

चित्तीण पाहिली, ती मात्र एकटी. तिची तीन पिले गवतात लपलेली, आणि ती वारुळावर उभी राहून चहूकडे नजर टाकते आहे. चित्त्याच्या मादीला घरात दुसरे कोणी नसते. शिकार तीच करणार, राखण तीच करणार. आपल्या देशातला चित्ता संपल्याचे 1952 साली जाहीर झाले होते. पुढे 17 सप्टेंबर 2022 रोजी नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशात कुनो येथे आणून सोडले. म्हणजे आफ्रिकेशी आपली देवाणघेवाण अजून चालूच आहे.

सगळे ज्यासाठी तिथे जातात ते वाइल्डबीस्टचे नदी ओलांडणेही पाहिले. हे जनावर पुढून गाईसारखे, मागून घोड्यासारखे, आणि हनुवटीला बोकडाची दाढी. बारा-तेरा लाख वाइल्डबीस्ट आणि त्यांच्याबरोबर लाखांनी झेब्रे, टांझानियातील सेरेंगेटीपासून माऱ्यापर्यंत पाऊस आणि गवत यांच्या मागे वर्षभर फिरत असतात. मारा नदीच्या काठी आम्ही अडीच तास थांबलो. कळप पाण्याशी येई, बिचके, माघारी फिरे. पाण्यात मगरी होत्या. मग एकाने उडी घेतली, आणि त्याच्यामागे सारी दिंडी पाण्यात! धूळ, हंबरडे, पाण्याचा खळबळाट. पलीकडे पोचलेली एक मादी पुन्हा काठावर येऊन ओरडू लागली. तिचे वासरू मागे राहिले होते. ते आले की नाही, मला दिसले नाही. माझ्याच्याने पाहवले नाही. पाण्यासाठी आणि चाऱ्यासाठी घरदार सोडून निघालेली जित्राबे व माणसे आपण मराठवाड्यात काय थोडी पाहिली आहेत?

मसाई लोकांची वस्तीही पाहिली. त्यांच्यात घर बांधायचे काम बाईचे. काटक्यांचा सांगाडा करून शेणामातीने ती स्वतः लिंपते. दूध भोपळ्याच्या तुंब्यात ठेवतात आणि तुंबा आतून जळक्या काडीने घासून घेतात, त्यामुळे दुधाला धुराचा वास लागतो. आमच्याकडे दह्याच्या मडक्याला धुरी देत असत, त्याची आठवण झाली.

आणि आता हत्ती. माझे मन खरे गुंतले ते हत्तींत.

माऱ्यानंतर आम्ही अंबोसेलीला गेलो. तिथे समोर किलिमांजारो पर्वत दिसतो, 5,895 मीटर उंचीचा, माथ्यावर बर्फ. पर्वत टांझानियाच्या हद्दीत, पण त्याचे पाणी जमिनीखालून येऊन इकडे पाणथळीत वर निघते, आणि त्या पाण्यावर हत्तींचे कळप जगतात. आम्ही सकाळी पाहिला तो कळप चौदा जणींचा. पुढे एक म्हातारी हत्तीण, कानांच्या कडा फाटलेल्या, चाल संथ. ती थांबली की सगळ्या थांबत, ती वळली की सगळ्या वळत. मधे पिले, शेवटी दोन थोराड माद्या. वाटाड्या म्हणाला, "हत्तींच्या कळपात राज्य आजीबाईचे असते. नर मोठे झाले की कळपातून बाहेर पडतात. राहतात त्या आज्या, लेकी, नाती." मी म्हटले, हे तर आपले महिला मंडळच झाले!

त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. 1972 साली सिंथिया मॉस नावाच्या अमेरिकन बाईंनी अंबोसेलीतल्या हत्तींचा अभ्यास सुरू केला. एकेका हत्तीला ओळखून, नाव देऊन, त्याची वंशावळ मांडली. 1972 हा आकडा ऐकताच माझ्या अंगावर शहारा आला. आपल्याला बहात्तर म्हटले की दुसरे काय आठवणार? मी तेव्हा बारा वर्षांची होते. विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरलेले, खडी फोडणाऱ्या बायांच्या रांगेत आईशेजारी बसलेले, सुकडी खाल्लेली, आणि बाहेरून आलेल्या तांबड्या मिलोची भाकर आजीच्या हातून तुटताना पाहिलेली. आजी म्हणायची, "ही जवारी नव्हं, जवारीची सवत हाय."

वाटाड्याने मग टांझानियातल्या तरंगिरे अरण्याची हकिगत सांगितली. ज्या 1993 साली आपल्या तालुक्यात किल्लारीला भूकंप झाला, त्याच वर्षी तिकडे मोठा दुष्काळ पडला. अभ्यासकांनी ज्या 81 पिलांवर नजर ठेवली होती त्यांतली 16 नऊ महिन्यांत मेली. पण सगळ्या कळपांची दशा सारखी नव्हती. जे कळप अरण्य सोडून दूर पाण्याकडे गेले त्यांची पिले जास्त वाचली. अभ्यासकांचे अनुमान असे, की त्या कळपांतल्या म्हाताऱ्या हत्तिणींनी 1958 ते 1961 चा दुष्काळ पाहिला होता. लहान असताना आईच्या मागे ज्या वाटेने त्या गेल्या होत्या, ती वाट त्यांना तीस वर्षांनीही आठवली. जिथे अशी म्हातारी उरली नव्हती तिथे वाट दाखवणार कोण? कारण शिकारी मारतात ते मोठ्या सुळ्यांचे हत्ती, म्हणजे वयाने थोर तेच. एक आजी गेली की तिच्याबरोबर पाण्याचा पत्ताही जातो.

आदल्याच वर्षी, 2022 साली, केनियात दुष्काळ होता. त्यात 205 हत्ती दगावले. वाटाड्या हे सांगत होता आणि मी त्या फाटक्या कानांच्या म्हातारीकडे पाहत होते. ती कोरड्या जमिनीवर पायाने माती उकरून गवताची मुळे सैल करीत होती, आणि शेजारचे पिलू तसेच करून पाहत होते. त्याला जमत नव्हते. ती पुन्हा करून दाखवत होती.

मैत्रिणींनो, त्या वेळी मला माझ्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, आठवल्या. तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी त्यांना पाहिले आहे. 2016 चा उन्हाळा आपण कोणीच विसरणार नाही. त्या एप्रिलात मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले. आपल्याकडेही टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसावे लागे. एके दिवशी दुपारी माझ्या धाकट्या जाऊबाई घागरीच्या रांगेत उभ्या असताना चक्कर येऊन पडल्या. अंग तापलेले, घाम नाही, बोलणे असंबद्ध. दवाखान्यात नेले, सलाईन लावले, तीन दिवसांनी घरी आल्या. देवाची कृपा. सकाळपासून त्यांच्या पोटात चहाखेरीज काही नव्हते.

आत्याबाई तेव्हा अंथरुणावर होत्या. वय पंच्याऐंशीच्या पुढे. त्या एवढेच म्हणाल्या, "बाहेर पडताना आंबील पिऊन जात जा म्हणून मी सांगत होते." खरेच सांगत होत्या. पण आम्ही ऐकत नव्हतो. आंबील करायची तर ज्वारीचे पीठ हवे. शेतात सोयाबीन आणि तूर, ज्वारी आम्ही केव्हाच बंद केलेली. येळवशीच्या दिवशी तेवढी आंबील, तीही विकतच्या पिठाची. त्याच दिवाळीत आत्याबाई गेल्या. त्यांच्या आंबिलीत ते काय होते, की ती ना फार आंबट होई ना पचपचीत, हे मी कधी विचारलेच नाही. पंचेचाळीस वर्षे त्या चुलीपाशी करीत होत्या, आणि चौतीस वर्षे मी शेजारी उभी होते.

अंबोसेलीहून परत नैरोबीला आलो. प्रवासाने माझे पोट बिघडले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या 'दादा'ने माझ्यापुढे एक पेला ठेवला. म्हणाली, "मामा, उजी." ती व्हिक्टोरिया सरोवराकडची. पातळ, पिठूळ, किंचित तांबूस असे काही होते. मी एक घोट घेतला आणि तशीच बसून राहिले. सूनबाईला वाटले मला मळमळते आहे. मी म्हटले, "अगं, ही तर आंबील आहे!"

ज्वारी आणि नाचणीचे पीठ रात्री पाण्यात भिजवून आंबवायचे आणि सकाळी शिजवायचे, ही त्यांची उजी. त्यात लसूण-ताक नाही, साखर होती, पण आंबूसपणा तोच, आत्याबाईंच्या हातचा. मी तिला सूनबाईकरवी विचारले, "पीठ किती वेळ ठेवतेस?" ती म्हणाली, "थंडीत दोन रात्री, उन्हात एकच. आणि मडके फार घासून धुवायचे नाही, आधीचे चमचाभर त्यातच राहू द्यायचे." तेच ते! आत्याबाई मडक्याच्या तळाशी थोडे ठेवीत आणि मी मात्र नव्या सुनेच्या उत्साहाने ते घासूनपुसून लख्ख करीत असे. त्या काही बोलत नसत. माझे विरजणच मी रोज धुऊन टाकत होते, हे मला नैरोबीत एका अनोळखी बाईने सांगितले.

मग मुलाने सांगितले, की ज्वारीचे मूळ घर आफ्रिकाच. सुदानच्या बाजूला ती प्रथम माणसाने पेरली, आणि सुमारे चार हजार वर्षांपूर्वी ती आपल्याकडे आली. नाचणीही तिकडचीच. चिंच तिकडची, कलिंगड तिकडचे, चवळी तिकडची. मला काही सुचेना. जी भाकर खाऊन आपण स्वतःला अस्सल मराठवाड्याचे म्हणवतो, ती आपल्याकडे नांदायला आलेली सून, आणि मी उभी होते ती तिच्या माहेरी! ती इथे आली ती एकटी आली नसणार. कोणा बायांच्या हातातून आंबवायची युक्तीही बरोबर आली असेल, किंवा इथल्या बायांनी ती पुन्हा शोधली असेल. कसेही असो, हातांनी हातांना शिकवले म्हणून ती चालली.

तेव्हा चिटणीसबाईंच्या आज्ञेप्रमाणे आता पदार्थ. सगळे ज्वारीच्या माहेरचेच सांगते.

ज्वारीची आंबील : एक वाटी ज्वारीचे पीठ दोन वाट्या पातळ ताकात रात्री मडक्यात कालवून ठेवावे. सकाळी चार वाट्या पाणी उकळून त्यात हे मिश्रण सतत ढवळत ओतावे, म्हणजे गाठी होणार नाहीत. मंद आचेवर दहा मिनिटे शिजवावे. मीठ घालून पूर्ण निवू द्यावे. मग तीन वाट्या ताक, ठेचलेल्या लसणाच्या पाच-सहा पाकळ्या, भाजलेले जिरे, एक हिरवी मिरची व कोथिंबीर घालावी. आणि मडक्यातले चमचाभर आंबलेले पीठ उद्यासाठी ठेवावे. धुऊ नका! मात्र वास बिघडला किंवा बुरशी दिसली तर ते टाकून मडके उकळत्या पाण्याने धुवावे आणि नवे धरावे.

चिंचेचे पन्हे : तिकडे समुद्रकाठी चिंचेला 'उक्वाजू' म्हणतात व तिचे सरबत घरोघरी करतात. लिंबाएवढी चिंच कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कोळ काढावा. त्यात अर्धी वाटी गूळ, चिमूटभर मीठ, जिरेपूड आणि माठातले पाच पेले पाणी. गाळून घ्यावे.

कलिंगडाच्या सालीची भाजी : लाल गर मुलांना द्यावा, बिया वाळवून भाजून खाव्यात. हिरवी पातळ साल तासून टाकली की मधला पांढरा भाग उरतो, तो आपण फेकतो. त्याच्या फोडी करून जिरे-मोहरी-हिंगाची फोडणी द्यावी, झाकण ठेवून त्याच्याच पाण्यात शिजवावे, वरून दाण्याचा कूट. दुधी भोपळ्याची वाटावी अशी होते. हाच भाग किसून ज्वारीच्या पिठात घातला तर थालीपीठही छान लागते.

कचुंबर : कांदा उभा पातळ चिरून मीठ लावून धुऊन घ्यावा, म्हणजे उग्रपणा जातो. टोमॅटो, काकडी, कोथिंबीर, लिंबू. तिकडे एवढेच घालतात. मी वर आपला दाण्याचा कूट घातला, तो 'दादा'ला आवडला. आता ती तसेच करते, असे सूनबाईचा फोन सांगतो.

आणि एक गोष्ट पाककृतीची नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. उन्हाने कोणी बेशुद्ध पडले, बरळू लागले, तर आंबील किंवा पाणी तोंडात ओतू नका. ते श्वासनळीत जाईल. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर ओले कापड ठेवून वारा घाला आणि ताबडतोब दवाखाना गाठा. आंबील आहे ती घराबाहेर पडण्यापूर्वीची.

परत आल्यावर मी मुलाशी भांडून दोन एकरांत रब्बी ज्वारी पेरायला लावली. पाखरांनी थोडी खाल्ली, उत्पन्न सोयाबीनइतके आले नाही, भाऊजी अजून मला त्याचा हिशेब ऐकवतात. तरी कडबा घरचा झाला आणि पीठ घरचे झाले. यंदाही पेरली आहे.

शेवटी एकच विनंती. मंडळाच्या कपाटात एक कोरी वही मी आज ठेवते आहे. आपापल्या घरी जी सर्वांत थोर बाई असेल, आजी, आत्याबाई, मावशी, तिच्याजवळ बसून उन्हाळ्यात ती काय करीत असे ते विचारा आणि या वहीत लिहा. मापे विचारा, मडके कसे धूत ते विचारा. पहिले पान मी लिहिले आहे. त्यावर आत्याबाईंचे नाव आहे, खाली नैरोबीच्या 'दादा'चे. मधली जी ओळ मला विचारायची राहून गेली, ती रिकामी सोडली आहे.

आंबील मी करून आणली आहे. मागच्या टेबलावर मडके आहे. सर्वांनी घेऊन जावे.